शस्त्रक्रियेनंतरची चव : खानदेशी ताटासाठी एक प्रस्तावना

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून माणूस घरी येतो, तेव्हा घरच्यांचं सगळं लक्ष वजनकाट्याकडे असतं. किती किलो उतरले, साखर किती आली, रक्तदाबाची गोळी बंद झाली का, याची रोज चौकशी होते. त्या माणसाला मात्र पहिल्या काही आठवड्यांत दुसरंच काही जाणवत असतं. पाणी जड लागतं. वर्षानुवर्षं घेतलेला दोन चमचे साखरेचा चहा गोडमिट्ट लागतो. फोडणीचा वास आला की उठून बाहेर जावंसं वाटतं. तोंडात धातूची चव रेंगाळते. आवडत्या पदार्थाचा पहिला घास बरा लागतो आणि तिसरा नकोसा होतो. ‘तोंडाला चव नाही’ एवढंच तो सांगतो. ऐकणारे ‘होईल हळूहळू’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो.

हे पुस्तक तो विषय तिथं संपू देत नाही. चव बदलते ती जिभेवर, नाकात, आतड्यात की मेंदूत? हा बदल सगळ्यांना होतो का, किती दिवस टिकतो, उपयोगाचा किती आणि धोक्याचा किती? या प्रश्नांवर गेली तीस-चाळीस वर्षं गंभीर संशोधन चालू आहे. रुग्णाच्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र त्यातलं फार थोडं पोचतं, आणि मराठीत तर त्याहून थोडं.

पुस्तक जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वाचकांना समोर ठेवून लिहिलं आहे. त्याला कारण इथलं ताट. शेवभाजीच्या रश्शावरचा तेलाचा तवंग, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा काळा मसाला, हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरण-बट्टीवर सोडलेलं तूप, हिवाळ्यात शेतावर होणारी भरताची मेजवानी, आखाजीचा आमरस आणि खापरावरचे मांडे. तेल, तिखट आणि भाजल्याचा खमंग वास ही इथल्या जेवणाची ओळख, आणि शस्त्रक्रियेनंतर अनेकांना जड जातात त्याही याच गोष्टी. चवीवरचे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेत झाले. त्यांच्या प्रश्नावलीत चॉकलेट, आइस्क्रीम, स्टेक आणि सॉसेज आहेत. भरताची वांगी भाजताना अंगणभर पसरणाऱ्या धुराबद्दल त्यात कुणी काही विचारत नाही.

आधी शस्त्रक्रियांची ओळख करून घेऊ. सध्या सर्वांत जास्त होते ती ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उभी, अरुंद नळी तेवढी ठेवतात. दुसरी ‘गॅस्ट्रिक बायपास’. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढं जातं. आपल्याकडे ‘मिनी बायपास’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत अमेरिकी सर्जन रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केली. तिच्यात दोनऐवजी एकच जोड असतो. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी फार चालली, आता ती मागं पडली आहे. या पद्धतींतला फरक लक्षात ठेवावा, कारण चवीवर होणारा परिणाम सगळ्यांत सारखा नसतो.

या शाखेची सुरुवात चवीचा विचार करून झालेली नाही. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. वजन उतरायचं, पण यकृत आणि मूत्रपिंडावर गंभीर परिणाम व्हायचे, म्हणून ती पद्धत पुढं सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातले एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन पुन्हा सहजी वाढत नाही. त्या निरीक्षणातून १९६६ मध्ये पहिला गॅस्ट्रिक बायपास झाला. १९९४ मध्ये विट्ग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि मोठ्या छेदाची भीती गेल्यावर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. भारतात या क्षेत्रातल्या सर्जनांची ‘ओसी’ ही संघटना २००२ पासून काम करते आहे. आपल्या लोकांत कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) मर्यादा पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा २.५ ने खाली धरली गेली. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचं नाव महाराष्ट्राच्या गावोगावी पोचलं.

या सगळ्या काळात सर्जनांची मांडणी सरळ होती : पोट लहान केलं की माणूस कमी खाईल, आतडं वगळलं की कमी शोषलं जाईल. या मांडणीत जिभेला जागाच नव्हती. पहिली फट पडली ती १९८७ मध्ये. अमेरिकेत व्हर्जिनियातले हार्वे शुगरमन यांनी दोन पद्धतींची थेट तुलना केली. गोड खाण्याची फार सवय असलेल्या रुग्णांचं वजन नुसतं पोट आवळणाऱ्या शस्त्रक्रियेनं फारसं उतरलं नाही; बायपासनं मात्र चांगलं उतरलं. म्हणजे रुग्णाला काय खायला आवडतं, याचा शस्त्रक्रियेच्या यशाशी संबंध होता. दुसरी फट पडली १९९९ मध्ये. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी भूक चेतवणारं ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधलं, आणि ते प्रामुख्यानं जठरातच तयार होतं असं दिसलं. जठराचा जो घुमटासारखा वरचा भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात, तोच याचा मुख्य कारखाना. मग जठर ही नुसती पिशवी राहिली नाही. मेंदूशी सतत बोलणारा तो अवयव ठरला.

पुढचं समजण्यासाठी चवीचं शरीरशास्त्र थोडं माहीत हवं. जिभेवरच्या स्वादकलिकांना गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढ्या पाच चवी कळतात. उमामी १९०८ मध्ये जपानच्या किकुने इकेदा यांनी ओळखली. आयुर्वेदाच्या षड्रसांत तिखटाला मान आहे, पण आजच्या शरीरशास्त्राप्रमाणे तिखटपणा स्वादकलिकांना कळत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्याचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला, आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा गौरव झाला. खानदेशी रुग्णासाठी या माहितीला व्यवहारात मोल आहे. असे मज्जातंतू तोंडाप्रमाणेच अन्ननलिकेत आणि पोटातही असतात, त्यामुळे जिभेला सोसणारं तिखट नव्या पोटाला सोसेलच असं नाही. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा हिस्सा वासाचा असतो. घास चावताना गंध घशामागून नाकात चढतो. २०२० नंतर कोविडमुळे हे लाखो घरांना अनुभवानं कळलं. वास गेला आणि भाजीला चव उरली नाही.

शस्त्रक्रियेनंतर यातलं नेमकं काय बदलतं, यावर संशोधकांचे निरनिराळे पक्ष आहेत, आणि नवख्या वाचकानं ते सगळे ओळखून घ्यावेत.

पहिला पक्ष जिभेचा. १९९० च्या दशकात काही अभ्यासकांनी रुग्णांना साखरेचं पातळ पाणी देऊन गोडी कितव्या प्रमाणाला ओळखू येते हे मोजलं. बायपासनंतर आधीपेक्षा कमी साखरेतही गोडी कळू लागल्याचं दिसलं. दोन चमचे साखरेचा चहा गोडमिट्ट का लागतो, याचं एक उत्तर इथं मिळतं. पण पुढच्या सगळ्याच मोजण्यांत हा निकाल सारखा आला नाही, आणि एवढ्याशा फरकानं खाण्याची जन्माची सवय बदलते असं म्हणणं अवघड गेलं.

दुसरा पक्ष मेंदूतल्या ओढीचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये अलेक्झांडर मिरास आणि कारेल ले रू यांच्या गटानं २०१२ मध्ये एक साधा, बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. गोड-स्निग्ध मिठाईचा एक घास मिळवण्यासाठी संगणकाची कळ वारंवार दाबावी लागेल, आणि दर घासाला दाबण्याची संख्या वाढत जाईल, अशी अट होती. बायपासनंतर तेच रुग्ण मिठाईसाठी आधीच्या निम्मेच कष्ट घ्यायला तयार झाले. भाजीच्या तुकड्यांसाठी मात्र त्यांची तयारी तेवढीच राहिली. पदार्थ तोच होता, जीभही तीच, पण त्याची ओढ ओसरली होती. २०१४ मध्ये याच संस्थेतल्या मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या अभ्यासातही बायपास झालेल्यांच्या मेंदूत अन्नाची चित्रं पाहताना सुखाशी निगडित भाग पट्टा बसवलेल्यांपेक्षा कमी उजळले. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं बायपासनंतर कितीतरी जास्त वाढतात, आणि या बदलामागं त्यांचा हात आहे असं हा पक्ष मानतो.

तिसरा पक्ष शिकण्याचा. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांना गोड पाणी पिताना किरणोत्सर्ग दिला. त्यांना मळमळलं आणि पुढं त्यांनी ते पाणी टाळलं. माणसाचंही तसंच होतं. बायपासनंतर साखर झपाट्यानं आतड्यात उतरली की अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ, घाम, धडधड, चक्कर असा त्रास होऊ शकतो. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय कापतात. याला ‘डंपिंग’ म्हणतात. वाटीभर आमरसानं असा दणका दिला, तर शरीर तो विसरत नाही. घाईनं गिळलेल्या कोरड्या घासानं छातीत अडकून जीव कासावीस झाला, तर तो पदार्थही मनातून उतरतो. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या रुग्णालयात १०३ बायपास रुग्णांना विचारून २०१४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ तीन चतुर्थांशांनी चव बदलल्याचं आणि तेवढ्यांनीच काही पदार्थांचा तिटकारा आल्याचं सांगितलं. वास बदलल्याचं सांगणारे ४२ टक्के होते. नावडत्या पदार्थांत चिकन आणि इतर मांस पुढं होतं. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या टिचान्स्की यांच्या पाहणीत बायपास झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी आणि पट्टा बसवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी चव बदलल्याचं नोंदवलं होतं. पद्धतीनुसार परिणाम बदलतो, तो असा.

चौथा पक्ष शंका घेणाऱ्यांचा, आणि त्याचं म्हणणं आदरानं ऐकलं पाहिजे. रुग्ण काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय खातो, यात अंतर असू शकतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी रुग्णांसमोर खरोखरचं जेवण मांडलं आणि ताटात काय जातं ते मोजलं. एकूण खाणं खूप कमी झालं होतं, पण निवड सरासरीनं फारशी बदललेली नव्हती. मात्र ज्या थोड्या जणांची निवड बदलली, त्यांचं वजन जास्त उतरलं. सरासरीत माणूस हरवतो, हा धडा यातून घ्यावा. फ्लोरिडातले ॲलन स्पेक्टर यांनी चवीची तीन कामं वेगळी करून दाखवली आहेत : चव ओळखणं, ती आवडणं आणि शरीराला अन्नासाठी तयार करणं. या तिन्हींची सरमिसळ केली की भांडणं वाढतात. तिन्ही सुटी ठेवली की वरच्या प्रत्येक पक्षाला आपापली जागा मिळते.

पाचवी बाजू कुपोषणाची. तिला पक्ष म्हणता येणार नाही, पण रुग्णाच्या दृष्टीनं तीच सर्वांत तातडीची. जस्त कमी पडलं की चव बोथट होते. लोह कमी पडलं की बर्फ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल असलं काहीबाही खावंसं वाटतं. घरचे त्याला वेड समजतात आणि रुग्ण लपवून खातो. पहिल्या आठवड्यांत शरीर चरबी जाळत असतं, त्यामुळेही तोंडाला विचित्र चव येते. ती पुढं ओसरते. पण सतत उलट्या होत असतील आणि त्याबरोबर दोन-दोन दिसत असेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर ब-१ जीवनसत्त्वाची तूट मेंदूला इजा करत असण्याचा धोका असतो. तेव्हा ‘होईल हळूहळू’ म्हणत न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आता हे सगळं खानदेशच्या घरात आणून पाहू. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. पोटात एका वेळी मावतं अर्धी वाटी. वरणाच्या वरच्या पाण्यानं हा हिशेब कधीच पुरा होत नाही, आणि प्रथिनांच्या पावडरीचा गोडसर वास अनेकांना असह्य होतो. जळगावची केळी मऊ असल्यानं सोयीची वाटतात, पण पिकलेल्या केळ्यात साखर भरपूर आणि प्रथिनं नावापुरती. पण याच ताटात उपायही आहेत : घोटलेली मुगाची डाळ, उकडलेलं अंडं, घरचं दही, पनीर, पुढच्या टप्प्यात वाफवलेले डाळीचे फुनके आणि पातळ कढी. भरताचं वांगं मऊ असतं. तेल आणि मिरची आवरली तर ते पुन्हा ताटात येऊ शकतं. तेलाचा तवंग, सुकं खोबरं आणि कोरडी भाकरी यांना वेळ द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा घोट-घोट पाणी पिणाऱ्याला पाणीच जड लागत असेल, तर अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. पातळ ताक, जिऱ्याचं किंवा लिंबाचं बिनसाखरेचं पाणी अशा वेळी चवीचा प्रश्नही सोडवतं आणि पाण्याचाही.

याहून कठीण प्रश्न नात्यांचा आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीनं दोन घासांत ताट सारलं तर आईला वाईट वाटतं. कानबाईच्या रोटांना नाही म्हणणं अवघड जातं. आमच्याकडे आग्रह हे प्रेमाचं रूप आहे, आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्याच आग्रहाचा जाच होतो. रुग्ण घरातली स्वयंपाक करणारी बाई असेल तर अडचण दुहेरी. सगळ्या घराच्या मीठ-तिखटाचा अंदाज तिच्या जिभेवर चालतो. ती जीभच बदलली तर भाजी बिघडते आणि बोल तिला बसतात. फोडणीचा वास सोसत नसतानाही तिला चुलीपाशी उभं राहावं लागतं. काही महिने स्वयंपाक दुसऱ्या कुणी करायचा, हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि सासूबाईंना स्पष्ट सांगितलं पाहिजे. पुरुषांबाबत आणखी एक सावधगिरी : बायपासनंतर दारू फार लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसलं आहे. एक ओढ ओसरली म्हणजे सगळ्या ओढी ओसरल्या असं होत नाही.

हा विषय आज निकडीचा का आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. सातपुड्याच्या पायथ्याला कुपोषण आणि शहरात लठ्ठपणा अशा दोन टोकांमध्ये हा प्रदेश उभा आहे. त्यात २०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. आतड्यातल्या ज्या जीएलपी-१ संप्रेरकाचा उल्लेख वर आला, त्याच्याच धर्तीवर ती काम करतात, आणि घेणारे मळमळ, अन्नाची ओसरलेली ओढ, बदललेली चव याबद्दल बोलू लागले आहेत. त्यामुळे आजवर शस्त्रक्रिया झालेल्यांपुरता असलेला हा अनुभव पुढच्या काही वर्षांत कितीतरी अधिक घरांत येणार आहे.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आणि स्पष्ट आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही, कोणती करावी, हे ते ठरवत नाही. तो निर्णय रुग्णाचा आणि त्याच्या डॉक्टरांचा. वजन उतरवण्याचे सल्लेही इथं नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात जीभ, नाक, पोट आणि मन यांच्यात काय घडतं, हे ते समजावून सांगतं, आणि इथल्या पदार्थांची टप्प्याटप्प्यानं नव्यानं ओळख करून देतं. घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलणारा भाग त्यात आहे. शेवटी रुग्णानं रोज भरायची चवीची नोंदवही आहे : काय खाल्लं, वास कसा वाटला, कितव्या घासाला नको झालं, नंतर काय त्रास झाला. तपासणीला जाताना ही वही बरोबर न्यावी, अशी विनंती आहे. खानदेशी ताटाबद्दलचं जे ज्ञान परदेशी प्रश्नावल्यांत नाही, ते अशाच नोंदींतून इथं तयार होऊ शकतं.

माझी धारणा अशी आहे की चवीतला बदल हा उपचाराचाच भाग आहे. त्याकडे नुसती तक्रार म्हणून पाहिलं तर रुग्ण एकटा पडतो, आणि चमत्कार म्हणून पाहिलं तर पुढं ओढ परतल्यावर तो स्वतःलाच दोष देतो. समजून घेतलं तर हाच बदल त्याला नव्या सवयी लावायला काही महिन्यांची मुदत देतो. त्या मुदतीत प्रथिनांचा घास आधी, गोडाचा नंतर, सावकाश चावणं, पोट भरल्याची खूण ओळखणं हे अंगवळणी पडलं, तर ओढ परतली तरी सवय टिकते. ‘तोंडाला चव नाही’ असं कुणी म्हटलं, तर कशाची, कधीपासून आणि कशानं, हे तीन प्रश्न घरात आणि दवाखान्यात लगेच विचारले जावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.